ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये फक्त नाणी बघायला जायचंय, मुलाला घेऊन. माहिती हवी आहे

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. मे महिन्यात रेडिंगला बहिणीकडे जातोय, मी, बायको आणि मुलगा. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला नाण्यांचं भयंकर वेड आहे. सुरुवात झाली माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या डब्यातून. त्यात भोकाचे पैसे, पंचम जॉर्जचे रुपये, सात-आठ शिवराया आणि एक बारकं चांदीचं नाणं, अंगठ्याच्या नखाएवढं, एका बाजूला मिशीवाल्या माणसाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला तीन कमानींची टेकडी, भोवतीनं अक्षरं. हे कसलं नाणं ते घरात कोणालाच माहीत नाही, आजोबा गेले तेव्हा मी सातवीत होतो, विचारायचं राहून गेलं.

तर आम्हाला एक दिवस ऑक्सफर्डसाठी मिळणार आहे. सगळे कॉलेजं आणि सिनेमातला तो जेवणाचा हॉल बघायला सांगतात पण मुलाने कुठेतरी वाचलंय की तिथल्या विद्यापीठाच्या म्युझियममध्ये तीन लाख नाणी आहेत, आणि आता तो दुसरं काही ऐकायलाच तयार नाही. माझे प्रश्न असे. एक, एवढी सगळी नाणी बघायला मिळतात का की कपाटात बंद असतात? दोन, लहान मुलाला घेऊन तीन-चार तासांत काय बघावं? तीन, ते बारकं नाणं सोबत नेऊन तिथल्या तज्ज्ञांना दाखवता येईल का? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

डिडकॉटकर

जाऊन आलोय म्हणजे काय, गेली नऊ वर्षं महिन्यातून एकदा तरी जातोच, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

आधी व्यवहाराचं. रेडिंगहून ऑक्सफर्डला थेट ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचता, स्टेशनवरून बोमाँट स्ट्रीटपर्यंत चालत दहा मिनिटं. तिकीट नाही, फुकट आहे. सकाळी १० ला उघडतं, शनिवार-रविवारी गर्दी असते म्हणून शक्यतो मधल्या वाराला या. समोर खांबांची भव्य जुनी इमारत दिसेल, ती १८४५ ची, आतला नवा भाग २००९ मध्ये उघडला. म्युझियम म्हणून मात्र ते १६८३ चं आहे, त्यावेळी ब्रॉड स्ट्रीटवर होतं, एलायस अ‍ॅशमोल नावाच्या गृहस्थाने विद्यापीठाला आपला संग्रह दिला त्यातून सुरू झालं. ती पहिली इमारतही अजून उभी आहे, तिथे आता विज्ञानाच्या इतिहासाचं म्युझियम आहे.

आता नाण्यांचं. तुमच्या मुलाने बरोबर वाचलंय, तीन लाखांच्या वर आहेत. पण काचेत मांडलेली त्यातली अगदी थोडी, बाकीची हेबरडेन कॉइन रूम नावाच्या विभागात ड्रॉवरमध्ये असतात. हा विभाग १९२२ चा, एका कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावाने. खालच्या मजल्यावर पैशाचंच एक वेगळं दालन आहे, तुम्ही तिथूनच सुरू करा, पोरगं ताजंतवानं असताना.

त्यात एक नाणं चुकवू नका. ऑक्सफर्ड क्राउन, १६४४. यादवी युद्धात पहिल्या चार्ल्स राजाला लंडन सोडावं लागलं, तो ऑक्सफर्डला येऊन राहिला, आणि सैन्याचे पगार द्यायला चांदी कुठून आणायची म्हणून त्याने कॉलेजांकडे हात पसरला. जेवणाची ताटं, सुरया, पेले, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भांडी, सगळं टाकसाळीत गेलं. टाकसाळ न्यू इन हॉल स्ट्रीटवर होती, म्युझियमपासून चालत पाच-सात मिनिटं. तर त्या चांदीच्या नाण्यावर राजा घोड्यावर बसलाय, आणि घोड्याच्या पोटाखाली, पायांच्या मधल्या जागेत, अख्खं ऑक्सफर्ड शहर कोरलंय. मनोरे, भिंती, सगळं, आणि वर नाव. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते दिसलंच नव्हतं, वाटलं गवतबिवत असेल, मग मोबाईलने झूम करून बघितलं आणि तसाच उभा राहिलो. थॉमस रॉलिन्स नावाच्या कारागिराचं काम आहे. मुलाला आधी सांगू नका, त्याला शोधू द्या. मागच्या बाजूला राजाची घोषणा आहे, प्रॉटेस्टंट धर्म, इंग्लंडचे कायदे आणि पार्लमेंटचं स्वातंत्र्य मी राखीन म्हणून, लॅटिनमध्ये, शब्द तोडून तोडून. म्हणजे त्या काळचं पत्रकच ते, पगारासोबत सैनिकाच्या खिशात जाणारं.

दुसरं म्हणजे वॉटलिंग्टनचा साठा. २०१५ मध्ये इथून जवळच एका शेतात एका हौशी माणसाला मेटल डिटेक्टरने सापडला. दोनशेच्या आसपास नाणी, चांदीच्या लगडी आणि थोडे दागिने. २०१७ मध्ये म्युझियमने साडेतेरा लाख पौंड देऊन घेतला, त्यासाठी सामान्य लोकांनीही पैसे दिले. ही नाणी नवव्या शतकातली, व्हायकिंग लोकांशी लढाया चालू होत्या तेव्हाची. दोन राजे होते, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा केओलवुल्फ. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या बखरीत केओलवुल्फला मूर्ख सरदार म्हणून उडवून लावलंय, व्हायकिंगांच्या हातातलं बाहुलं. पण या साठ्यात दोघांची नाणी आहेत आणि दोघांच्याही नाण्यांवर तेच चित्र, शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट. म्हणजे दोघं मिळून एका मापाचं नाणं पाडत होते, काही वर्षं तरी भागीदार होते. नंतर एक जिंकला, त्याच्या माणसांनी इतिहास लिहिला आणि दुसऱ्याचं नाव खराब झालं, पण शेतात पुरलेलं नाणं कोणाला बदलता आलं नाही. मला या एका गोष्टीसाठी नाणी आवडतात.

आणि तोच आल्फ्रेड तुम्हाला वर परत भेटेल, त्याचं रत्न आहे तिथे, सोन्याचं, स्फटिकाखाली मीनाकारीत एक माणूस, कडेने अक्षरं, ‘आल्फ्रेडने मला घडवून घेतलं’. १६९३ मध्ये सापडलं, १७१८ पासून विद्यापीठाकडे आहे.

तीन-चार तासांत याहून जास्त कोंबू नका. फार तर क्रीटच्या दालनात ऑक्टोपस काढलेला मोठा रांजण बघा, मुलाला आवडेल. नोसॉसचा राजवाडा खणणारा आर्थर इव्हान्स याच म्युझियमचा प्रमुख होता, १८८४ ते १९०८, आणि मूळचा तो नाण्यांचाच माणूस, वडीलही नाण्यांचे मोठे अभ्यासक.

कॉइन रूमबद्दल उद्या लिहितो, आता ऑफिसला पळतो.

मृण्मयी_के

डिडकॉटकर छान लिहिलंय. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. मला भारताच्या दालनातली तामलुकची यक्षी अजून डोळ्यासमोर आहे, बंगालमधल्या तामलुकला म्हणजे जुन्या ताम्रलिप्तीला सापडलेली, भाजलेल्या मातीची, वीतभर उंची, दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी. तिच्या अंगावरच्या दागिन्याचा मणी न्‌ मणी मोजता येतो आणि केसात खोचलेल्या पिना चक्क छोट्या शस्त्रांच्या आकाराच्या आहेत. मातीत एवढं बारीक काम कोणी केलं असेल. मी तिथे अर्धा तास होते, गार्ड दोनदा येऊन गेला.

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथे तमिळनाडूतल्या एका देवळातली तिरुमंगै आळवारांची ब्राँझची मूर्ती होती, सोळाव्या शतकातली. १९६७ मध्ये लंडनच्या लिलावात म्युझियमने विकत घेतली. नंतर एका अभ्यासकाला १९५७ चा फोटो सापडला, त्यात तीच मूर्ती कुंभकोणमजवळच्या देवळात उभी. म्हणजे पुजेतली मूर्ती उचलून नेली होती कोणीतरी. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाने ती भारताला परत द्यायला पाठिंबा दिला. मुलाला हेही सांगा हो. प्रत्येक वस्तूखाली ती कुठून, कधी, कोणाकडून आली ते लिहिलेलं असतं, ती ओळ वाचायची सवय लागू दे त्याला.

डिडकॉटकर

मृण्मयीताई, शंभर टक्के. आणि ते प्रकरण पुढे आलं तेव्हा म्युझियमने स्वतःहून भारतीय उच्चायुक्तालयाला कळवलं होतं, २०१९ मध्ये, हेही खरं. पण परत द्यायचा निर्णय व्हायला चार वर्षांच्या वर गेली, ते मलाही खटकतं.

अण्णा_सातारकर

गोदाकाठचा भाऊ, बाकीचं सगळं नंतर, आधी हे वाचा. ते चांदीचं नाणं भारताबाहेर नेऊ नका. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांच्या वरचं नाणं हे पुरावशेषात मोडतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, एक असो की शंभर. विकायला नेतोय की दाखवायला याने फरक पडत नाही. विमानतळावर कस्टमला सापडलं तर नाणं तर जाईलच आणि वर केस होईल. मी पंचवीस वर्षं जुनी नाणी गोळा करतोय, आमच्या ओळखीतला एक माणूस चार शिवराया पाकिटात ठेवून निघाला होता, मुलाला अमेरिकेत भेट द्यायला, भावना चांगली पण पुढचं वर्षभर हेलपाटे घालत होता. शिवराया पण घरीच.

दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात म्हणजे अक्षरं उठून दिसतात. सोनाराकडे नेऊन वजन करा, दोन दशांश स्थळांपर्यंत. पट्टी शेजारी ठेवून व्यास. आणि हात जोडून सांगतो, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भस्म काही लावू नका, चांदी चकचकीत करायच्या नादात लोक दीड हजार वर्षांची अक्षरं घासून टाकतात.

नाणेघाट

अण्णांनी सांगितलं ते पाळाच. आता त्या बारक्या नाण्याबद्दल, कारण मी तुमची पोस्ट वाचल्यापासून तोच विचार करतोय.

मिशीवाला माणूस, मागे तीन कमानींची टेकडी, भोवती अक्षरं, अंगठ्याच्या नखाएवढं, चांदी. हे बहुतेक पश्चिमी क्षत्रपांचं नाणं आहे. टेकडीच्या वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ, एका बाजूला चंद्र आणि एका बाजूला सूर्य किंवा तारा आहे का बघा. वजन दोन ग्रॅमच्या आसपास भरलं तर मग शंकाच नको. हे राजे मूळचे शक, गुजरात, माळवा आणि काही काळ आपल्या नाशिक-पुण्यापर्यंत त्यांचा अंमल होता.

तुम्ही नाशिकचे दिसताय म्हणून सांगतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला एक साठा सापडला, १३,००० हून जास्त चांदीची नाणी, सगळी नहपानाची, म्हणजे याच क्षत्रपांमधल्या क्षहरात घराण्यातल्या राजाची. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय. नवीन नाणं पाडलं नाही, नहपानाच्या चेहऱ्यावरच टेकडी ठोकली आणि मागे उज्जैनीचं चिन्ह. खालून नहपानाचं नाक, गाल, ग्रीक अक्षरं डोकावत राहतात. पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा लेख आहे, त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्वंश केला असं ती म्हणते. लेण्यात ते वाक्य आणि जोगलटेंभीत त्याचा पुरावा, हातात मावणारा. वरती डिडकॉटकरांनी आल्फ्रेडचं सांगितलं, तिथे नाण्याने बखरीला खोटं पाडलं, इथे लेखाला खरं ठरवलं.

जायच्या आधी एका रविवारी मुलाला पांडवलेण्यात न्या. तिथेच नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे, त्यात एका सुवर्णाला ३५ कार्षापण असा भाव दिलाय. त्या काळातला सोन्या-चांदीचा एक्स्चेंज रेट दगडात कोरलेला, मुलाला हे फार आवडेल. आणि त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, नाण्यांच्या संग्रहालयासकट, तीही घरापासून तासाभरात, आधी फोन करून जा. ऑक्सफर्डला जाऊन तीन लाख नाणी बघायची आणि अंजनेरी बघितलेली नाही असं नको.

आता मुख्य मुद्दा. नहपानानंतरच्या क्षत्रपांनी एक काम केलं जे आपल्याकडे दुसऱ्या कोणी एवढं नियमाने केलं नाही. डोक्याच्या मागे ते वर्ष घालायचे, ब्राह्मी आकड्यांत, शक संवत्सरात. आणि टेकडीभोवती बापाचं नाव, बापाची पदवी, स्वतःचं नाव, स्वतःची पदवी. त्यामुळे त्या घराण्याची वंशावळ आणि कोण कधी राज्यावर आला हे जवळजवळ सगळं नुसत्या नाण्यांवरून लावता आलं. आणि शक म्हणजे तोच, आपल्या कालनिर्णयावर छापतात तो शके. ७८ मिळवले की इसवी सन. तुमच्या आजोबांच्या डब्यातल्या नाण्यावर वर्ष लिहिलेलं असू शकतं आणि ते तुमचा मुलगा स्वतः वाचू शकतो. फोटो टाका.

डिडकॉटकर

आता कॉइन रूमचं. ही दुकानासारखी आत शिरायची जागा नाही, आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते, तीन-चार आठवडे आधी करा. विद्यापीठाचं म्युझियम असल्याचा फायदा हा की संग्रह अभ्यासासाठीच आहे, तुम्ही प्रोफेसर असायला लागत नाही, पण काय बघायचंय ते नेमकं लिहायला लागतं. ‘तुमची भारतीय नाणी दाखवा’ असं लिहिलं तर त्यांनाही कळत नाही कुठला ड्रॉवर काढायचा. ‘पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी, एक ट्रे’ असं लिहा, सोबत मुलाचं वय लिहा, तो स्वतःचं नाणं ओळखायचा प्रयत्न करतोय हे लिहा. मी गेलो होतो तेव्हा मिनँडर या भारताच्या वायव्येकडच्या ग्रीक राजाची बघितली होती, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, ‘महाराजस त्रातारस मेनंद्रस’. अशाच दोन लिप्यांच्या नाण्यांवरून खरोष्ठी वाचता आली हे शाळेत पाठ केलं होतं, पण ते नाणं समोर मऊ कापडावर ठेवलेलं असताना एक बाजू वाचायची, उलटायची, परत वाचायची, तेव्हा कळतं कसं वाचलं असेल.

हात धुवून, अंगठी काढून, फक्त कडेने धरायचं, टेबलापासून दोन बोटं वर, जास्त नाही. मुलाला घरी भोकाच्या पैशावर सराव करायला लावा.

गोदाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. वजन केलं, २.११ ग्रॅम. सोनाराने विचारलं विकायचंय का, मुलगा एकदम नाही म्हणून ओरडला. टेकडीवर चंद्रकोर आहे, खाली नागमोडी रेघ पण आहे. फोटो टाकतोय. मेल केलीये, उत्तराची वाट बघतोय.

नाणेघाट

फोटो बघितला, हात थरथरला. क्षत्रपच. पण नाव मी सांगणार नाही. ब्राह्मीचा तक्ता डाऊनलोड करून मुलाला द्या, एवढंच सांगतो की ‘पुत्रस’ हा शब्द आधी शोधायचा, त्याच्या आधी बापाचं नाव येतं आणि शेवटी राजाचं.

गोदाकाठचा

परत आलो मंडळी, काल रात्री. झोप झालेली नाही पण आधी लिहितो.

ऑक्सफर्ड क्राउनवरचं शहर मुलाला पाच मिनिटांत सापडलं. मला काही सांगितलं नाही, नुसता हात धरून काचेपाशी नेलं आणि म्हणाला बाबा घोड्याच्या पायात बघा. नंतर ट्रेन पकडायच्या आधी न्यू इन हॉल स्ट्रीटवरून चालत गेलो, तिथे काही विशेष बघायला नाही, पण त्याला त्या रस्त्यावर उभं राहायचं होतं.

कॉइन रूममध्ये वेळ मिळाली होती, एक तास. क्षत्रपांचा ट्रे काढून ठेवला होता, प्रत्येक नाण्याखाली गोल चिठ्ठी. मुलाने आमच्या नाण्याचा मोठा केलेला फोटो शेजारी ठेवला आणि बोट फिरवत एकेका नाण्याशी ताडून बघायला लागला. तिथल्या बाईंनी भिंग दिलं, मध्ये एक अक्षरही बोलल्या नाहीत. ‘पुत्रस’ त्याला घरीच सापडलं होतं. त्याच्या आधी ‘वीरदाम’. तिथे तिसऱ्या ओळीतल्या नाण्यावर तेच सगळं, आमच्यापेक्षा स्पष्ट, आणि शेवटी ‘रुद्रसेनस’. चिठ्ठी उलटून बघितली तर रुद्रसेन दुसरा. मुलाने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

नाणेघाट सर, आता वर्षाचं सांगा. डोक्यामागे आम्हाला दोन खुणा दिसतायत, पहिली शंभरची हे नक्की, दुसरी ऐंशीची वाटतेय. तिसरी नाहीच.

नाणेघाट

शाब्बास रे पोरा. वीरदामाचा मुलगा महाक्षत्रप रुद्रसेन, बरोबर. आणि ऐंशीच आहे ती. एकक असणार, पण ठसा जरा सरकून बसलाय, तो आकडा चकतीच्या बाहेर गेला. म्हणजे शके १८० ते १८९ मधलं, इसवी सन २५८ ते २६७ च्या आसपास. या राजाच्या नाण्यांवर हे बऱ्याचदा होतं. तरी एकदा कड तिरपी धरून फोटो काढा आणि टाका, कधीकधी आकड्याचं टोक तेवढं राहिलेलं असतं.